शिवलेली होडी

"गुरुजी, होडी शिवतास? गोधडी आसा काय ती?"

शेजारचा तांडेल मांगराच्या दारात उभा होता. माझ्या एका हातात पक्कड, दातांत तांब्याच्या तारेचा तुकडा, त्यामुळे उत्तर देता आलं नाही. तसंही त्याला काय सांगणार? त्याची हयात कर्लीच्या खाडीत गेली. होडीला आधी कणा लागतो, मग फासळ्या, मग फळ्या, हे त्याने बापाच्या हाताखाली पाहिलेलं. माझ्या सोळा फुटी कयाकला ना कणा होता ना फासळ्या. चार मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडच्या चार लांब पट्ट्या, त्यांच्या कडांना सहा-सहा इंचांवर बारीक भोकं आणि भोकांतून तारेचे टाके, एवढाच कारभार.

पण 'शिवतास' हा त्याचा शब्द नेमका होता. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर शतकानुशतकं होड्या शिवल्याच जात. फळीला फळी भिडवायची, कडेला भोकं पाडायची आणि काथ्याच्या सुंभाने आवळायची. लोखंडी खिळा खाऱ्या पाण्यात गंजतो आणि भोवतीचं लाकूडही खातो. सुंभ तसं करत नाही. शिवाय वाळूवर आपटली तर शिवलेली होडी थोडी लवते, फुटत नाही. तेराव्या शतकात मार्को पोलोने इराणी आखातातल्या होर्मुझला अशी जहाजं पाहिली आणि नाक मुरडलं. खिळे नाहीत, नारळाच्या दोऱ्याने शिवलेली, असल्या जहाजात बसणं धोक्याचं, असं त्याचं मत. त्याच जहाजांवर अरबी समुद्राचा व्यापार चालत होता, ही गोष्ट वेगळी. ती विद्या अजून पुरती बुडालेली नाही. अजिंठ्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून गोव्यात बांधलेलं 'कौंडिण्य' हे जहाज 2025 मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. केरळच्या कारागिरांनी त्याच्या फळ्या काथ्यानेच शिवल्या.

गंमत म्हणजे कयाकसुद्धा मुळात शिवलेलीच. ग्रीनलंडसारख्या बिनझाडांच्या मुलखात इन्युइट शिकारी वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा बांधत आणि बायका त्यावर सीलचं कातडं शिवत. शिवण पाणबंद राहावी म्हणून सुई कातड्याच्या आरपार जाऊ द्यायची नाही, अर्ध्या जाडीतूनच फिरवायची. मापाला फूटपट्टी नसे. लांबी साधारण तीन वाव, म्हणजे पसरलेल्या दोन हातांच्या तिप्पट. रुंदी कमरेएवढी आणि वर दोन मुठी. ज्याची होडी, त्याचंच माप. शिंप्याकडे द्यावं तसं.

मग मधल्या काळात होडी बांधणं हे घरच्या माणसाच्या हातून सुटून कसबी सुताराकडे का गेलं? माझ्या मते त्याचं उत्तर सांध्यात आहे. लाकूड वाकवता येतं. पण दोन फळ्यांमधून पाणी येऊ न देणं हे खरं कसब, आणि ते आयुष्य घालवून येतं.

प्लायवूडने अर्धं काम केलं. पण सुरुवातीचं प्लाय पाण्यात टिकत नसे, कारण त्याचा गोंदच विरघळे. 1934 मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका कारखान्यात जेम्स नेव्हिन या रसायनतज्ज्ञाने पुरता पाणबंद गोंद तयार केला आणि दुसऱ्या महायुद्धात प्लायच्या होड्या हजारोंनी निघाल्या. आपल्याकडे मरीन प्लाय म्हणजे 'सातशेदहा', भारतीय मानकाचा क्रमांक. त्याचा तुकडा 72 तास उकळला तरी थर सुटता कामा नयेत. मी आणलेल्या पहिल्या शीटवर तो शिक्का होता. खात्री म्हणून एक तुकडा चुलीवर ठेवला. संध्याकाळी त्याचे पापुद्रे सुटले होते, चिरोट्याचे सुटतात तसे. दुकानदाराने शीट परत घेतली नाही. ती आता मांगराच्या माळ्यावर आहे.

उरलेलं अर्धं काम इपॉक्सीसारख्या चिकट राळेने आणि काचेच्या कापडाच्या पट्टीने केलं. ब्रिटनमध्ये केन लिटलडाइक यांनी कयाकसाठी प्लायच्या पट्ट्या तारेने शिवून आतून पट्टी चिकटवायची युक्ती काढली. 'घरातली कामं घरीच करा' असं टीव्हीवर शिकवणारे बॅरी बकनेल आणि होड्यांचे आराखडे करणारे जॅक होल्ट यांनी त्याच रीतीने दहा फूट दहा इंचांची शिडाची होडी बेतली. 'डेली मिरर' वृत्तपत्राने 1963 मध्ये ती किट म्हणून बाजारात आणली. किंमत 63 पौंड 11 शिलिंग, शिडं लाल. ज्यांच्या बापजाद्यांनी रंधा धरला नव्हता, त्यांनी ती गॅरेजमध्ये जोडली. अशा मिरर होड्या आजवर सत्तर हजारांवर झाल्या.

मी तेच केलं, फक्त गॅरेजऐवजी मांगरात. तळाच्या दोन पट्ट्या एकीवर एक ठेवून कड शिवली आणि शिंपल्यासारख्या उघडल्या. मग बाजूच्या पट्ट्या जोडल्या. टाके आवळत गेलो तशी सपाट प्लायला नाळ आली, पोट आलं. साचा कुठेच नव्हता. कडेला कापलेला बाकच होडीचा आकार ठरवत होता. मग इपॉक्सीत लाकडाचा भुस्सा कालवून चमच्याच्या पाठीने सांध्यात भरला. मे महिना, वाटीभर एकदम कालवलं तर वाटीच तापून धूर यायचा. म्हणून थोडं थोडं, पहाटे. ते घट्ट झाल्यावर एकेक तार ओढून काढली आणि सांध्यावर पट्टी चढवली.

इथेच माझी होडी जुन्या शिवलेल्या होडीपासून वेगळी होते. सुंभाचा टाका होडीला जन्मभर धरून ठेवायचा. माझा टाका गोंद सुकेपर्यंतचा पाहुणा.

होडी खाडीवर नेली त्या दिवशी तांडेल आला. आत वाकून त्याने सांध्यावरून बोट फिरवलं.

"टाके खंय गेले?"

"काढले."

"मगे धरून ठेवता कोण?"

मी म्हटलं, सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसंच हे. तो काही बोलला नाही. एका हाताने नाळ उचलून पाहिली, वजनाचा अंदाज घेतला आणि मला विचारायच्या आत स्वतःच आत बसून वल्हं मागितलं.