रक्तप्रथिने व सेल्युलोज पटले

मूत्रपिंडे निकामी झाली असता रक्तातील यूरियासारखी टाकाऊ द्रव्ये पातळ पटलातून बाहेर काढण्याच्या क्रियेला रक्त-अपोहन म्हणतात. या पटलांसाठी प्रथमपासून वापरले गेलेले नैसर्गिक बहुवारिक म्हणजे कापूस व लाकूड यांपासून मिळणारे सेल्युलोज. लहान रेणू पलीकडे सोडणारी व प्रथिनांचे मोठे रेणू अडविणारी ती एक चाळणी आहे, एवढाच तिचा विचार अर्धशतकभर होत असे.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे. जे. एबल, एल. जी. राउंट्री व बी. बी. टर्नर यांनी १९१३ च्या सुमारास प्राण्यांचे रक्त कोलोडिऑनाच्या नळ्यांतून खेळविले. कोलोडिऑन हे नायट्रोसेल्युलोजापासून बनते. म्हणजे हे आरंभीचे पटलही परिवर्तित सेल्युलोजाचेच होते. परक्या पृष्ठाचा स्पर्श होताच रक्त गोठू लागते, म्हणून त्यांना जळवांपासून काढलेले हिरुडीन वापरावे लागले. जर्मनीत गीसेन येथे गेओर्ग हास यांनी १९२४ मध्ये मानवावर पहिले अपोहन केले. जर्मनव्याप्त नेदर्लंड्समधील कांपेन येथे विलेम कॉल्फ यांनी १९४३ मध्ये सॉसेजच्या आवरणासाठी बनणारी सेलोफेनाची नळी फिरत्या पिंपावर गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड तयार केले. त्यांचे आरंभीचे बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ मध्ये मात्र एक वृद्ध स्त्री वाचली. हेपारिनामुळे रक्त गोठण्याची अडचण दूर झाली व पटलाचा प्रश्न सुटला असे वाटू लागले.

तो सुटला नव्हता. एल. एस. कॅप्लो व जे. ए. गॉफिनेट यांनी १९६८ मध्ये असे दाखविले की, अपोहन सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांतच रुग्णाच्या रक्तातील उदासीनरागी श्वेत कोशिका जवळजवळ नाहीशा होतात. पुढे त्यांची संख्या आपोआप पूर्ववत होते. इतकी वर्षे ही घटना नजरेतून सुटली ती बहुधा यामुळेच. पी. आर. क्रॅडक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये याचे कारण शोधून काढले. सेलोफेनाच्या संपर्कात ठेवलेला नुसता रक्तद्रव प्राण्यांना परत टोचला, तरी श्वेत कोशिका घटतात व फुप्फुसांवर परिणाम होतो, असे त्यांना आढळले. दोष रक्तद्रवातील प्रथिनांत घडणाऱ्या बदलाकडे जात होता. सेल्युलोजाच्या साखळीतील प्रत्येक ग्लुकोज एककावर तीन हायड्रॉक्सिल गट असतात. रक्तातील पूरक प्रथिनांपैकी सी३ चा एक खंड या गटांशी रासायनिक बंधाने जोडला जातो व सूक्ष्मजंतूंविरुद्धची साखळी-विक्रिया सुरू होते. तीतून सुटणाऱ्या सी५ए या खंडामुळे श्वेत कोशिकांचे पुंजके होऊन ते फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकतात. शरीर पटलाला जंतू समजते, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

दरम्यान लिओ व्ह्रोमन (हे डच भाषेतील नामवंत कवीही होते) यांनी १९६० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये असे दाखविले की, पृष्ठावर बसलेला प्रथिनांचा थर स्थिर नसतो. अल्ब्युमिनासारखी विपुल व चपळ प्रथिने आधी बसतात; मग फायब्रिनोजेन त्यांची जागा घेते, आणि त्यालाही पृष्ठाला अधिक चिकटणारी प्रथिने हुसकावतात. रक्तकोशिकांची गाठ पडते ती मूळ पटलाशी नव्हे, तर या बदलत्या थराशी.

यावर उपाय म्हणून हायड्रॉक्सिल गट झाकण्यात आले. सेल्युलोज ॲसिटेटात ते मोठ्या प्रमाणावर ॲसिटिल गटांनी बदललेले असतात; पूरक प्रथिनांची चेतना त्यामुळे कमी होते, पण थांबत नाही. हेमोफॅन या पटलात शेकडा ५ हूनही कमी हायड्रॉक्सिल गटांच्या जागी डायएथिल-अमिनोएथिल गट बसविले होते, तरीही ती चेतना पुष्कळच घटली. हे अवजड गट शेजारच्या हायड्रॉक्सिल गटांकडे जाणारी वाट अडवीत असावेत. याची किंमतही होती : त्यांवरील धन विद्युत् भारामुळे ऋण भाराचे हेपारीन पटलाला चिकटते.

या सुधारणांनी रुग्णांचे आयुष्य किती वाढले याबाबत मात्र एकमत झाले नाही. तीव्र मूत्रपिंड-निष्फलतेच्या १९९४ मधील एका चाचणीत अपरिवर्तित सेल्युलोजाहून संश्लेषित पटलांवरील रुग्ण अधिक प्रमाणात वाचले. नंतरच्या सर्व चाचण्यांनी त्यास दुजोरा दिला नाही. तथापि पॉलिसल्फोनासारख्या संश्लेषित बहुवारिकांनी अपरिवर्तित सेल्युलोजाला बहुतेक ठिकाणी मागे सारले. काही रुग्णांना ही नवी पटले सोसत नाहीत. त्यांच्यासाठी सेल्युलोज ट्रायॲसिटेटाची पटले आजही वापरतात.