हिरवा चहा आणि जुने दावे

गेल्या वर्षी मे महिन्यात एका लग्नासाठी आम्ही दोघं सांगलीला गेलो होतो. मांडवात नात्यातल्याच एक बाई आमच्या हिला म्हणाल्या, "वहिनी, चांगलंच अंग धरलंत हो!" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. आपल्याकडे ही खुशालीची चौकशीच समजतात. पण परतीच्या एसटीत ही कराड येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. कराडला म्हणाली, "गुडघे दुखतात ते वजनानंच. डॉक्टर तरी दुसरं काय म्हणाले होते?"

पुढच्या आठवड्यात ओट्यावर एक हिरवा डबा आला. सूनबाईंनी आणला होता. त्यावर एका सडपातळ बाईचं चित्र (अशा डब्यांवर जाड बाईचं चित्र कधी पाहिलंय का तुम्ही?) आणि 'वजन आटोक्यात' वगैरे मजकूर. तेव्हापासून आमचा सकाळचा चहा वेगळा झाला. लग्नापासून सकाळचा पहिला चहा मी करतो. आलं, गवती चहा, भरपूर दूध, कपाला दोन चमचे साखर, आणि दोघांनी गॅलरीत बसून प्यायचा. आता माझं पातेलं वेगळं आणि तिचा कप वेगळा. खरं सांगायचं तर मला ते फार लागलं. पण तिच्या गुडघ्यांपुढे माझ्या गॅलरीची काय मातब्बरी?

मी पडलो इतिहासाचा मास्तर. पानातल्या रसायनांतलं मला काही कळत नाही. पण 'अमुक प्यायल्यानं तमुक बरं होतं' असं कोणी म्हटलं, की हे आधी कोणी म्हटलं होतं, कोणाला सांगितलं होतं आणि त्यात सांगणाऱ्याचं काय होतं, हे बघायची जुनी खोड आहे. तीस वर्षं मुलांना तेच शिकवलं (त्यांच्या किती लक्षात राहिलं ते सोडा). तेव्हा हा डबा समोर ठेवून मी वाचायला बसलो.

पहिली गोष्ट, हिरवा चहा आणि आपला नेहमीचा चहा एकाच झाडाचे. खुडलेलं पान हवेनं काळवंडायला लागतं. ते काळवंडू देऊन वाळवलं की काळा चहा. खुडल्यावर लगेच चिनी रीतीनं कढईत परतलं किंवा जपानी रीतीनं वाफवलं, तर काळवंडणं थांबतं आणि हिरवा चहा होतो. म्हणजे फरक झाडाचा नाही, भट्टीचा आहे.

वजनाचा दावा मात्र मला वाटलं होतं त्याहून फार जुना निघाला. मी समजत होतो, हे गेल्या वीसपंचवीस वर्षांतलं जाहिरातवाल्यांचं खूळ असेल. पण चीनमध्ये तांग राजवटीत छन त्सांगछी नावाच्या वैद्यानं इ.स. ७३९च्या सुमारास वनौषधींवर ग्रंथ लिहिला. त्यात चहाबद्दल म्हटलंय की दीर्घकाळ घेतला तर माणूस कृश होतो, अंगातली चरबी जाते आणि झोप लागत नाही. बाराशे वर्षांहून जुना मजकूर! पण जरा नीट वाचा. 'कृश होतो' आणि 'झोप लागत नाही' हे एकाच दमात आलंय. पोटभर अन्न मिळणं हेच भाग्य असलेल्या त्या काळात बारीक होणं हे आश्वासन होतं की इशारा? मला तरी तो निम्मा इशाराच वाटतो. आपल्याकडेही आमच्या लहानपणी 'वाळलास की रे' म्हणजे काळजी आणि 'अंग धरलंस' म्हणजे कौतुकच होतं. शब्द तोच राहिला, त्याचा अर्थ तेवढा उलटा झाला.

त्यानंतर जपान. एइसाई नावाचा झेन भिक्षू दोनदा चीनला जाऊन ११९१ साली परत आला तो चहाचं वेड घेऊन. १२११ मध्ये त्यानं चहा पिऊन आरोग्य राखण्यावर एक पुस्तिका लिहिली. तिचं तर्कशास्त्र मोठं गोड आहे. पाच अवयव आणि पाच चवी, प्रत्येक अवयवाची एकेक लाडकी चव. हृदयाला कडू आवडतं. जपानी लोक कडू खात नाहीत, म्हणून त्यांची हृदयं दुबळी. तेव्हा चहा प्या! आपला त्रिदोषाचा विचार ऐकत वाढलेल्या माणसाला हे अगदीच परकं वाटत नाही. पुढे १२१४ मध्ये शोगुन सानेतोमो आदल्या रात्रीच्या मद्यपानानं बेजार झालेला असताना एइसाईनं त्याला चहा पाजला आणि वर चहाची महती सांगणारं लिखाणही दिलं. शोगुनला बरं वाटलं. आता विचार करा, रात्रभर साके ढोसलेल्या माणसाला साकेऐवजी गरम पाण्यातलं काहीही दिलं असतं तरी बरं वाटलं नसतं का? इथं मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. हा धागा मला पुढे सारखा सापडत गेला.

लंडनमध्ये १६६०च्या सुमारास टॉमस गारवे नावाचा व्यापारी चहा विकत असे. त्यानं छापलेलं एक पत्रक प्रसिद्ध आहे. डोकेदुखी, मुतखडा, जलोदर, विसराळूपणा, अतिझोप... त्या यादीत काय नाही ते विचारा. आणि त्यातच हेही, की स्थूल शरीराच्या आणि भरपूर मांस खाणाऱ्या पुरुषांना चहा विशेष उपयोगी. पण का? तर त्यानं पोटाला बळ येतं आणि भूक चांगली लागते! म्हणजे जाड माणसानं चहा प्यावा तो अजून जेवता यावं म्हणून.

हॉलंडमधल्या कॉर्नेलिस बोंतेकू या डॉक्टरनं तर कहर केला. १६७८ साली त्यानं चहावर ग्रंथ लिहिला. त्यात रोज आठदहा पेले प्यावेत, आणि पन्नास, शंभर, दोनशे प्यायले तरी काही बिघडत नाही, अशा थाटाचा सल्ला आहे. चहा आणत होती डच ईस्ट इंडिया कंपनी. कंपनीनं त्याचे हात ओले केले असावेत असा वहीम तेव्हापासून आहे. सिद्ध काही झालेलं नाही, पण दिवसाला दोनशे पेले म्हटल्यावर दुकानदाराचा चेहरा डोळ्यासमोर येतोच.

मग आपल्या पुण्यात येऊ. १९४२ साली आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना गांधीजींनी 'आरोग्यनी चावी' हे छोटं गुजराती पुस्तक लिहायला घेतलं. त्यात चहाबद्दल ते फारसं चांगलं बोलत नाहीत, टॅनिनमुळे तो अपायकारक आहे असंच त्यांचं मत. पण त्यांनी एक फार मार्मिक गोष्ट सांगितली आहे. चीनमध्ये पिण्याच्या पाण्याचा भरवसा नसे, ते उकळून घ्यावं लागे. चहाच्या पानाचा रंग उतरला की पाणी उकळलंय याची खात्री पटे. म्हणजे गुण पानाचा नव्हे, उकळण्याचा! आणि चहा करायचाच तर गाळणीत पानं घेऊन वरून उकळतं पाणी ओतावं, रंग गवताच्या काडीसारखा पिवळसर यावा, असंही ते सांगतात. आमच्या हिच्या कपातला रंग अगदी तोच.

चीनमध्ये घाणेरड्या पाण्याची जागा उकळलेल्या पाण्यानं घेतली. शोगुनच्या पेल्यात साकेची जागा चहानं घेतली. गुण कशाचा, आलेल्याचा की गेलेल्याचा?

आता आपल्या काळातलं. १९९९ साली जिनिव्हात डल्लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा पुरुषांना बंदिस्त खोलीत ठेवून त्यांच्या श्वासावरून शरीरात किती ऊर्जा जळते ते मोजलं. हिरव्या चहाचा अर्क घेतलेल्या दिवशी ती सुमारे चार टक्क्यांनी जास्त भरली. म्हणजे दिवसाला सत्तरऐंशी कॅलरी, एका पोळीहूनही कमी. तेही कपानं नाही, अर्काच्या कॅप्सूलनं. पण ही बातमी बाजाराला पुरेशी होती. अमेरिकेत कोका-कोला आणि नेस्ले यांनी मिळून 'एन्व्हिगा' नावाचं हिरव्या चहाचं पेय काढलं. तीन डबे प्या आणि साठ ते शंभर कॅलरी जाळा, असा दावा. पेय पिऊन बारीक व्हायचं! प्रकरण कोर्टात गेलं आणि २००९ मध्ये कंपन्यांना अनेक राज्यांशी तडजोड करून साडेसहा लाख डॉलर भरावे लागले. फ्रान्स आणि स्पेनमध्ये 'एक्झोलिझ' नावाचं अर्काचं औषध वजनासाठी खपत होतं. ते घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्यावर २००३ मध्ये ते बाजारातून काढून घेतलं गेलं. २०१८ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनंही सांगितलं की कपातून घेतलेला चहा साधारणपणे सुरक्षित आहे, पण गोळ्यांतून त्यातलं मुख्य द्रव्य रोज आठशे मिलिग्रॅम किंवा अधिक घेतलं तर यकृताला बाधण्याची शक्यता. (वाचकांपैकी कोणी अशा गोळ्या घेत असाल तर आधी डॉक्टरांना दाखवा, एवढं मास्तरकीच्या हक्कानं सांगतो.)

आणि शेवटी वजनाचा हिशोब. कॉक्रेन ही संस्था जगभरातले प्रयोग एकत्र करून निष्कर्ष काढते. २०१२ मध्ये तिनं हिरव्या चहाचे किमान बारा आठवडे चाललेले अठरा प्रयोग तपासले. जपानबाहेरच्या सहा प्रयोगांत चहावाले आणि बिनचहावाले यांच्या वजनातला सरासरी फरक किती निघाला असेल? चाळीस ग्रॅम. आमच्याकडे फोडणीची डाळ त्याहून जास्त सांडते. जपानमधल्या प्रयोगांत दोनशे ग्रॅमपासून साडेतीन किलोपर्यंत फरक दिसला, पण ते आकडे इतके विखुरलेले की त्यांची सरासरी काढण्यात अर्थ नव्हता.

हे सगळं वाचून मी वही मिटली आणि समोर अडचण उभी राहिली. कारण आमच्या हिचं वजन खरंच उतरलं होतं! चार महिन्यांत अठ्ठ्याहत्तरवरून साडेपंचाहत्तर. जिना चढताना कठड्याला धरणं कमी झालं होतं. मग मी चाळीस ग्रॅम घेऊन कुठे जायचं?

रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या हिशोब केला. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे, म्हणजे आठ चमचे साखर. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर चाळीस ग्रॅम, म्हणजे एकशेसाठ कॅलरी. वर दूध. वर प्रत्येक चहाबरोबर दोन बिस्किटं, कारण हिरव्या चहात कोणी बिस्किट बुडवत नाही. डल्लूसाहेबांच्या सत्तरऐंशीच्या कितीतरी पट हे तिनं नुसतं सोडलं होतं. खात्री करायला मी गुपचूप माझ्या चहातली साखर बंद केली आणि बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर ठेवला. दूध, आलं, गवती चहा तसंच. दोन महिन्यांत माझंही दीड किलो उतरलं.

हे तिला सांगावं की नाही, याचा आठवडाभर विचार केला. इतक्या जिद्दीनं ती तो पिवळा कडूपणा गिळत होती, लोक तिचं कौतुक करत होते. पण मधेच रक्ततपासणीत हिमोग्लोबिन खाली आलेलं दिसलं. डॉक्टरांनी विचारलं, जेवणावर लगेच चहा पिता का? ही म्हणाली, हो, दोन्ही वेळा, चरबी जाते म्हणून. डॉक्टर म्हणाले, चहा जेवणाबरोबर घेतला की पालेभाजी, डाळीतलं लोह अंगी नीट लागत नाही. सगळा दोष त्याचा नसेल, पण मधे तासाभराचं अंतर ठेवा. आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या.

घरी आल्यावर मी धीर करून सगळा हिशोब मांडला. साखर, बिस्किटं, माझं दीड किलो, चीन, जपान, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, मला काय कळत नव्हतं?" ती म्हणाली. "पण साखर सोडली म्हणून सांगितलं असतं तर जो तो विचारत बसला असता, डायबेटिस झाला का म्हणून. ग्रीन टी म्हटलं की कोणी काही विचारत नाही. शिवाय तुमच्या शेजारी बसून बिनसाखरेचा चहा प्यायचा, तर तुम्ही 'घे गं थोडी' म्हणून चमचा पुढे केला असता."

केला असता. खोटं कशाला बोलू?

आता पातेलं पुन्हा एकच आहे. साखर दोघांनाही नाही. हिरवा डबा अजून अर्धा शिल्लक आहे, मुंबईची मंडळी आली की ती काढते.