एका रकान्याचा इतिहास

संत लूकच्या शुभवर्तमानातील ख्रिस्तजन्माची कथा नावनिशीने सुरू होते. दर नाताळच्या मध्यरात्री आपण ती ऐकतो आणि गोठ्यापर्यंत पोहोचेतो ती नावनिशी विसरूनही जातो. ऑगस्टस कैसराला आपल्या साम्राज्यातील माणसे मोजावयाची होती, म्हणून दिवस भरत आलेल्या पवित्र मरियेला नाझरेथहून बेथलेहेमची वाट धरावी लागली. नावनिशीच्या त्या दिवसांत गालीलच्या यहूदाने बंड केले आणि तो नाश पावला, असा उल्लेख प्रेषितांच्या कृत्यांत आहे. परक्या राज्यकर्त्याने आपल्याला मोजावे, हे त्या लोकांना का झोंबले असेल, याचा विचार आम्ही सेमिनरीत असताना फारसा केला नव्हता. तो विचार करावयास आम्हांस आमच्या धर्मग्रामातील स्नानसंस्काराच्या जुन्या नोंदवहीने भाग पाडले.

काही काळापूर्वी एक तरुण आजोबांच्या स्नानसंस्काराचा दाखला मागावयास आला. शिक्षणातील सवलतीसाठी त्याला जातीचा दाखला काढावयाचा होता. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांची गणना महाराष्ट्रात इतर मागासवर्गात होते आणि त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आम्ही कपाटातून वही काढली. शाई पिवळी पडलेली, अक्षर एका परदेशी धर्मगुरूचे, भाषा लॅटिन. आजोबांचे नाव सापडले. त्याच पानावर, त्याच दिवशी, आजोबांच्या थोरल्या भावाचेही नाव होते. दोघे सख्खे भाऊ. धाकटा मिशनच्या शाळेत गेला. तेथील मास्तरांनी दाखल्यावर 'ख्रिश्चन' लिहिले. थोरला दुसऱ्या गावी मामाकडे राहून सरकारी शाळेत शिकला. तेथे 'महार' लिहिले गेले. आज थोरल्याची नातवंडे अनुसूचित जातीत आहेत, धाकट्याची इतर मागासवर्गात. रविवारी दोन्ही घरे एकाच बाकावर बसतात. हे एकाच घराचे दुर्दैव नव्हे. मराठवाड्यातील व नगर जिल्ह्यातील बहुतेक धर्मगुरूंना अशी पाने ठाऊक आहेत.

हा रकाना आला कोठून? आपल्या मराठवाड्याच्या बहुतेक भागावर इंग्रजांचे थेट राज्य नव्हते. औरंगाबादेत त्यांची सत्ता दिसे ती छावणीत. बाकी मुलूख निजामाचा. पण रकान्यांना छावणीची वेस अडवू शकली नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात १८८१ साली देशभर एकाच वेळी शिरगणती झाली, तेव्हा निजामाच्या राज्यातही ती झाली आणि पुढे दर दहा वर्षांनी होत राहिली. १९०१ च्या शिरगणतीचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी जाती सामाजिक प्रतिष्ठेच्या उतरंडीने मांडण्याचा घाट घातला आणि देशभरच्या जातिसभा आपले नाव वरच्या पायरीवर चढविण्यासाठी अर्ज करू लागल्या. जाती इंग्रजांनी निर्माण केल्या, असे आजकाल कोणी म्हणतात, ते आम्हांस मान्य नाही. गावकुसाबाहेरचा महारवाडा रिस्लेच्या आधी शेकडो वर्षे तेथेच होता. पण गावोगाव बदलणारी, कोठे सैल तर कोठे घट्ट असलेली ही व्यवस्था छापील तक्त्यात बसविली गेली आणि तक्त्यावरून जागा, नोकऱ्या व पलटणी वाटल्या जाऊ लागल्या, हे मात्र नवे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद झाली, ती याच 'लढाऊ जाती'च्या शास्त्रापायी.

आता आमच्या मुख्य विषयाकडे येऊ. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांनी जातीय निवाडा दिला. मुसलमान, शीख, हिंदी ख्रिस्ती, युरोपियन आदींना विभक्त मतदारसंघ मिळाले. अस्पृश्यांनाही ते मिळाले होते. गांधीजींचे उपोषण व पुणे करार यांनंतर त्यांच्या जागा सर्वसाधारण मतदारसंघांतील राखीव जागा झाल्या. १९३५ च्या कायद्यान्वये १९३६ साली अनुसूचित जातींची यादी जाहीर झाली, तेव्हा तीत एक कलम घालण्यात आले : कोणीही हिंदी ख्रिस्ती अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. त्या वेळच्या व्यवस्थेत याला एक तर्क होता. ज्याला ख्रिस्ती म्हणून वेगळे मत आहे, त्याची गणना दुसऱ्या राखीव गटात करावयाची नाही. म्हणजे हा मतदारयादीचा हिशेब होता. ख्रिस्ती झालेल्या महाराला पाटलाच्या विहिरीवर पाणी भरू देतात की नाही, याची चौकशी करून ते कलम लिहिलेले नव्हते.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. घटना समितीचे उपाध्यक्ष डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी हे ख्रिस्ती. अल्पसंख्याकांविषयीच्या उपसमितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. मद्रासकडील येशूसंघीय धर्मगुरू फादर जेरोम डिसूझा हेही समितीचे सभासद होते. विभक्त मतदारसंघ तर गेलेच. मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागाही रद्द करण्याचे ठरले आणि ख्रिस्ती प्रतिनिधींनी त्याला मनापासून पाठिंबा दिला. फाळणीच्या रक्ताने भिजलेल्या देशात धर्माच्या नावाने जागा मागू नयेत, ही त्यांची भूमिका होती. आम्ही तिचा आजही आदर करतो. पण ज्या विभक्त मतदारसंघामुळे १९३६ चे कलम जन्मास आले, तो मतदारसंघ नाहीसा झाल्यावर कलमही जावयास हवे होते. ते गेले नाही. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात तिसऱ्या परिच्छेदाच्या रूपाने ते अधिक रुंद होऊन परत आले : हिंदू धर्माहून निराळा धर्म मानणारा कोणीही अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. पंजाबातील चार शीख जातींपुरता तेवढा अपवाद होता. मुखर्जी व डिसूझा यांच्यासारख्या सुशिक्षितांच्या नजरेतून हे निसटले काय, की घोगरगाव-बोरसरच्या खोपटांत राहणारा ख्रिस्ती त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हताच, हा प्रश्न आम्हांला अनेकदा पडतो. देशातील ख्रिस्ती नेतृत्व तेव्हा शहरी होते, एवढे सांगून पुढे जातो.

पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. १९५६ मध्ये सर्व शीख दलितांना या सवलती मिळाल्या. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरास धर्मांतर केले; नवबौद्धांना महाराष्ट्राने १९६० मध्ये राज्यापुरत्या सवलती दिल्या, केंद्राने मात्र तीस वर्षे लावली व १९९० मध्ये बौद्धांचा समावेश केला. ख्रिस्ती व मुसलमान बाहेर राहिले. १९८५ मध्ये सूसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, धर्मांतरानंतर जात टिकते एवढे दाखवून भागणार नाही. तिच्यापायी येणारे जाच नव्या समाजातही तसेच कायम आहेत, हे सिद्ध झाले पाहिजे. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये तो परिच्छेदच काढून टाकण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला व त्याला मुदतवाढही मिळाली. आपली माणसे १० ऑगस्टला काळा दिवस पाळतात. वर्षानुवर्षे काळा दिवस पाळणाऱ्यांना पोटतिडीक टिकविणे किती कठीण जाते, ते मोर्चाच्या मागील रांगेत उभे राहून आम्ही पाहिले आहे.

मौज अशी की, आपल्याच जिल्ह्यांत इतर समाज आज जुन्या कागदांत आपले नाव शोधीत आहेत. २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणाचे आंदोलन पेटले, तेव्हा निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने निजामकाळचे उर्दू व मोडी कागद धुंडाळले. बापजाद्यांना 'कुणबी' म्हणवून घेण्यात ज्या घरांना कमीपणा वाटे, त्याच घरांत कुणबी नोंद सापडली म्हणून पेढे वाटले गेले. २ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारने हैदराबाद गॅझेटच्या आधाराने निर्णय काढला आणि लागलीच बंजारा बांधव त्याच गॅझेटवर बोट ठेवून उभे राहिले : आम्ही तेथे जमात आहोत. त्यांचेही खोटे नाही. १९५६ च्या भाषावार रचनेने निजामाचे राज्य तीन तुकड्यांत वाटले; तेलंगणातील लंबाडा १९७६ च्या कायद्याने अनुसूचित जमातीत गेला, मराठवाड्यातील त्याचा सोयरा विमुक्त जातीतच राहिला. निजाम गेला, इंग्रज गेले. त्यांच्या कारकुनाची लेखणी मात्र चालूच आहे.

हिंदू-मुसलमान दुफळीविषयी येथे विस्ताराने लिहिण्याचा आमचा मानस नाही. तथापि एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १७ सप्टेंबर १९४८ चा मुक्तिदिन आपण दरसाल साजरा करतो, स्वामी रामानंद तीर्थ व गोविंदभाई श्रॉफ यांचे स्मरण करतो, रझाकारांनी केलेल्या जाळपोळीच्या कथा सांगतो. हे सर्व योग्यच आहे. पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद (आजचे धाराशिव), नांदेड, बीदर व गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमानांच्या झालेल्या हत्यांविषयी पंडित सुंदरलाल समितीने अहवाल दिला. मृतांची संख्या सत्तावीस ते चाळीस हजार असावी, असा तिचा अंदाज होता. तो अहवाल सहा दशकांहून अधिक काळ लोकांपुढे आला नाही. अर्धाच इतिहास शिकलेल्या दोन पिढ्या या शहरात एकमेकांसमोर उभ्या राहिल्या, तेव्हा १९८८ पासून शहराच्या नावावरून निवडणुका लढविणे कोणाला कठीण गेले नाही. मलिक अंबरने वसविलेल्या खडकीची ही कथा आहे. तो हबशी होता, एकेकाळी विकलेला गुलाम होता, हे दोन्ही बाजूंना क्वचितच आठवते.

दुसऱ्यांचे दोष दाखविणे सोपे असते. म्हणून आमच्या ख्रिस्तसभेलाच लाज वाटावी, असे एक उदाहरण देतो. आफ्रिकेतील रवांडात हुतू व तुत्सी एकच भाषा बोलत, एकाच डोंगरावर शेजारी राहत. बेल्जियन राज्यकर्त्यांनी १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर वंश छापला. बिशप लिऑं क्लास यांनी तुत्सी हेच जन्मजात राज्यकर्ते, असा सल्ला सरकारला दिला होता. मिशनच्या शाळांतही त्यांनाच झुकते माप मिळे. १९५० च्या दशकात वारे फिरले व आमचेच मिशनरी हुतूंचे कैवारी झाले. हुतू चळवळीचे नेते ग्रेग्वार कायिबांडा सेमिनरीत शिकलेले आणि 'किन्यामातेका' या कॅथोलिक वृत्तपत्राचे संपादक होते. (प्रस्तुत त्रैमासिकाच्या वाचकांनी येथे क्षणभर थांबावे.) १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा ते राष्ट्राध्यक्ष होते. ओळखपत्रावरील तो शब्द मात्र त्यांनी पुसला नाही. एप्रिल १९९४ मध्ये रस्त्यांवर अडसर उभारून ओळखपत्रे तपासली जाऊ लागली. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. न्यामाता, न्तारामा, न्यारुबुये येथे तर चर्चमध्ये आश्रयाला आलेलीच. न्यांगे येथील धर्मगुरूला आपल्याच लोकांसह चर्च जमीनदोस्त करण्यातील सहभागाबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००८ मध्ये अपिलात शिक्षा वाढवून जन्मठेप दिली. २०१६ मध्ये तेथील बिशपांनी क्षमा मागितली व २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी. मारणारा आणि मरणारा, दोघांचाही स्नानसंस्कार एकाच वहीत नोंदलेला असे.

आमच्या घरी असे काही घडलेले नाही, देवाची कृपा. पण आमचा आणि जातीचा संबंध उरलेला नाही, असे म्हणणारा धर्मगुरू एक तर नवा असावा किंवा तो विवाहाच्या बैठकीला कधी बसलेला नसावा. मूळच्या महार घराण्याची मुलगी मातंग घराण्यात द्यावयाची म्हटले, की तीन पिढ्या ख्रिस्ती असलेले घर गप्प होते. आम्ही वेदीवरून गलतीकरांस पत्रातील यहूदी व हेल्लेणी यांविषयीचे वचन वाचतो, लोक 'आमेन' म्हणतात, आणि बैठक मोडते. न्यायालयाने १९८५ मध्ये जो पुरावा मागितला, तो आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहातच सापडला असता. तो द्यावयास मात्र आम्हीच कचरतो. कारण तो दिला, तर जात मोडली हे आमचे शंभर वर्षांचे प्रवचन खोटे पडते. जुन्या फ्रेंच धर्मगुरूंनी नोंदवहीत जात लिहिली नाही, ती चांगल्याच हेतूने. त्या कोऱ्या जागेची किंमत नातवंडे भरीत आहेत.

त्या तरुणाला आम्ही दाखला लिहून दिला. त्याने तो नीट घडी करून खिशात ठेवला आणि मग हळूच विचारले, "फादर, ह्या पानाची नक्कल कुणी मागितली, तर तुम्ही देता का?"

"कोणी म्हणजे?"

"कुणीही. दादाच्या नोकरीची पडताळणी चाललीय."

दादा म्हणजे थोरल्या आजोबांचा नातू. तो बाहेर मोटारसायकलवर बसून होता. आत आला नाही. पोरगा खालमानेने उभा होता. त्याच्याच दाखल्याच्या पानावर भावाच्या आजोबांचे नाव होते, हे त्याने आमच्या आधी वाचले होते. खोटे लिहावयाचे नाही, ही आमची शपथ. खरे लिहिले तर एका घरची चूल विझणार. चर्चची नोंद ज्याची त्यालाच मिळते, एवढेच आम्ही त्याला सांगितले. ते नियमाप्रमाणे खरे होते. वही कपाटात ठेवून आम्ही किल्ली फिरविली. पुढच्या रविवारी दोघे भाऊ नेहमीच्या बाकावर दिसले. २०२७ च्या जनगणनेत जातीचा रकाना असणार आहे आणि त्या घरची म्हातारी आताच विचारीत आहे की, फादर, आम्ही काय सांगायचे?