गोव्यातील अवशेष आणि कालामसुत्ताची कसोटी

जुन्या गोव्यातील बॉम जेझू चर्चमध्ये जतन केलेला देह संत फ्रान्सिस झेवियर यांचा नसून पंधराव्या शतकातील सिंहली महास्थविर तोटगमुवे श्री राहुल यांचा आहे, असा दावा श्रीलंकेतील काही बौद्ध करतात. 2014 मध्ये त्यांनी डीएनए चाचणीचीही मागणी केली. बुद्धांचा दंतधातू मानला गेलेला अवशेष पोर्तुगीजांनी 1561 च्या सुमारास गोव्यात नष्ट केला होता. म्हणून त्यांच्याविषयीचा संशय समजण्यासारखा आहे. परंतु संशय म्हणजे पुरावा नव्हे.

झेवियर 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील शांगच्वान बेटावर वारले. त्यांचा देह मलाक्कामार्गे मार्च 1554 मध्ये गोव्यात आला, तेव्हा त्यांना प्रत्यक्ष ओळखणारी माणसे तेथे होती. 1614 मध्ये त्या देहाचा उजवा हात रोमला नेण्यात आला. राहुल थेरांविषयीच्या दाव्याला मात्र लोकपरंपरेचाच आधार आहे.

केवळ ऐकीव गोष्टीवर वा परंपरेवर विसंबू नये, असे भगवंतांनी कालामांना सांगितले. ही कसोटी आम्ही इतरांच्या श्रद्धेला लावतो. आम्हांस सुखावणाऱ्या दाव्यालाही ती लावलीच पाहिजे. राहुल थेरांची थोरवी मोग्गल्लान व्याकरणावरील त्यांच्या 'पंचिकाप्रदीप' ग्रंथात आहे. तो अभ्यासणे हेच त्यांना खरे वंदन होय.