मामांचा खांदा आणि दोन नळ्या

इतिहासाचा शिक्षक म्हणून मी आयुष्यभर मुलांना सनावळ्या पाठ करायला लावल्या. अमुक शोध कोणत्या साली लागला, एवढे उत्तर बरोबर आले की पूर्ण गुण! त्या उत्तरात काय निसटून जाते, ते मला सुट्टीत इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला गेलो असताना उमगले. तेही एका मोटारीच्या खाली टॉर्च धरून बसलो असताना.

मोटार माझ्या मामांच्या नातवाची. विकत घेतलेली नव्हे, घराशेजारच्या गॅरेजमध्ये त्याने स्वतः बांधलेली. सांगाडा आणि वरचे कवच कंपनीकडून संचाच्या रूपाने येते. इंजिन, चाके, स्टिअरिंग जुन्या गाड्यांतून काढून घ्यायचे. इंग्रजांची ही हौस जुनी आहे, आणि तिच्या मुळाशी आहे कर! दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे नव्या गाडीवर जबर खरेदीकर असे; सुट्या भागांच्या संचावर तो पडत नसे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीची १९५७ सालची 'सेव्हन' ही छोटी गाडी याच वाटेने अनेकांच्या अंगणात उभी राहिली. १९७३ साली मूल्यवर्धित कर आला आणि ती सवलत गेली. हौस मात्र गेली नाही.

आमच्या चिरंजिवांनी आठ सिलिंडरचे जड इंजिन बसवले होते. पुढच्या चाकांवर एवढा भार आल्यावर उभ्या गाडीचे स्टिअरिंग हलेना. म्हणून पॉवर स्टिअरिंग, आणि म्हणून त्या दोन नळ्या.

दोन नळ्यांत काय एवढे, असे मला वाटले होते. पण एक नळी पंपाकडून स्टिअरिंगच्या रॅककडे ऑइल नेते आणि दुसरी ते परत टाकीत आणते, आणि दोघींच्या नशिबात फार फरक. परतीच्या नळीवर दाब जेमतेम. तिला साधी क्लिप आवळली तरी भागते. जाणाऱ्या नळीवर मात्र चाक पुरते वळवताना दर चौरस इंचाला हजार पौंडांहून अधिक दाब येतो. तिथे क्लिप लावली तर नळी सुटून तापलेले ऑइल सगळीकडे उडेल. म्हणून ती नळी आतून जाळीने बळकट केलेली असते आणि तिच्या टोकांवर धातूची टोपी यंत्राने दाबून बसवतात. आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक्सचे काम करणाऱ्यांना हे नवीन नाही.

खरी पंचाईत पुढेच होती. पंप एका गाडीचा, रॅक दुसऱ्या गाडीचा. एकाचे आटे इंची, दुसऱ्याचे मिलिमीटरचे. बळेच पिळले तर दोन्ही जायचे. शेवटी गावातल्या एका दुकानातून एका टोकाला इंची आणि दुसऱ्या टोकाला मिलिमीटरचे आटे असलेली नळी करवून आणली. दोन भाषांत वाढलेल्या आपल्या मुलांची मला आठवण झाली. दोन्हीकडे घट्ट बसणारे असे कोणी मध्ये असले, म्हणजे व्यवहार गळत नाही.

"काका, टॉर्च जरा डावीकडे," तो खालून म्हणाला. नळीला पीळ पडू द्यायचा नाही. एक्झॉस्टच्या तापलेल्या पाइपापासून ती दूर ठेवायची. इंजिन रबरावर हलते, म्हणून थोडी सैल सोडायची, पण स्टिअरिंगच्या दांड्याला घासेल इतकी नाही. हे चालले असताना मी त्याला विचारले, "हे यंत्र शोधले कोणी?" त्याला माहीत नव्हते; मलाही नव्हते. मग ते मी शोधून वाचले.

फ्रान्सिस डेव्हिस हे अमेरिकेतील पिअर्स-ॲरो कंपनीत ट्रक विभागाचे मुख्य अभियंते होते. जड ट्रक वळवताना चालकांचे होणारे हाल ते रोज पाहत. १९२२ च्या सुमारास त्यांनी नोकरी सोडली, मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थॅम गावी लहानसे वर्कशॉप भाड्याने घेतले आणि जॉर्ज जेसप या कुशल कारागिराला सोबत घेऊन ते कामाला लागले. अडचण होती गळतीची. तेव्हाच्या हायड्रॉलिक यंत्रांत ऑइल सदैव दाबाखाली कोंडलेले असे, आणि जोडांतून ते गळे. डेव्हिस यांनी विचार उलटा केला. ऑइल कोंडायचेच नाही. गाडी सरळ चालली असताना ते मोकळे फिरू द्यायचे. चालकाने चाक फिरवले की झडपेने एक वाट आवळायची, आणि तेवढ्यापुरताच दाब निर्माण व्हायचा. नळ्यांवरचा नित्याचा ताण गेला.

१९२६ साली ते आपली गाडी घेऊन डेट्रॉइटला गेले. जनरल मोटर्सच्या अधिकाऱ्यांनी ती चालवून पाहिली आणि करार केला. पण मंदी आली. खर्च फार आणि खप थोडा, असा हिशेब मांडून १९३४ साली कंपनीने तो करार संपवला. पुढे बेंडिक्स कंपनीशी डेव्हिस यांचे जमले. युद्धात लष्करी गाड्यांना हे स्टिअरिंग लागले आणि तिथे त्याची परीक्षा झाली. सर्वसामान्य विक्रीच्या मोटारीत मात्र ते १९५१ साली आले, क्रायस्लरच्या 'इंपीरियल' या महागड्या गाडीत. तेही डेव्हिस यांच्या काही पेटंटांची मुदत संपल्यावर, त्यांच्याच कल्पनेच्या आधारे!

म्हणजे शोध १९२६ चा. ट्रकचालकाचे कष्ट पाहून लागलेला. आणि पोहोचला आधी कोणाकडे, तर श्रीमंताच्या मोटारीकडे.

इथे मला मामा आठवले. बेळगावची भाजी ट्रकमध्ये भरून आंबोलीचा घाट उतरत ते गोव्याला नेत. घाटातल्या वळणावर सीटवरून अर्धे उठून, साऱ्या अंगाचा भार चाकावर टाकताना मी त्यांना पाहिले आहे. १९९१ साली त्यांनी गाडी सोडली, तोवर त्यांच्या एकाही ट्रकला पॉवर स्टिअरिंग नव्हते. उजवा खांदा कामातून गेला होता. टोपी ते डाव्या हाताने घालीत. गणपतीच्या आरतीला तबक वर उचलता येईना, म्हणून ते मागे उभे राहत, आणि आम्हा मुलांना वाटे, मामांना देवाधर्माचे वावडे आहे! खरे कारण कोणी विचारले नाही. मीही नाही.

नळ्या बसल्या. पुढची चाके जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून त्याने चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवले. टाकीत बुडबुडे आले; हवा निघून जात होती. पुन्हा ऑइल भरले, पुन्हा फिरवले. फेस थांबल्यावर गाडी खाली घेतली आणि इंजिन सुरू केले. एक जोड पाझरत होता, तो आवळला. मग तो म्हणाला, "काका, तुम्ही फिरवून बघा."

मी उजव्या हाताचे एकच बोट लावले. चाक फिरले.

तो हसत होता. आजोबांच्या खांद्याविषयी त्याला काही ठाऊक नव्हते. त्या रात्री जेवताना मी ते सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला.

आता वर्गात एखाद्या शोधाची साल सांगितली, की मी मुलांना दुसरा प्रश्न विचारतो : ज्याच्यासाठी तो लागला, त्याच्या हाती तो कधी आला? या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात सहसा नसते. ते घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारावे लागते, आणि ती असतील तोवरच.