खटका आणि काळोख

आपल्याकडे विजेचा इतिहास बहुधा वरून खाली लिहिला जातो. १९१५ साली खोपोलीस टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले, १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, त्यापाठोपाठ कोयनेची वीज आली, २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन 'महावितरण' जन्मास आली. असे ते टप्पे. सामान्य माणसाची आणि विजेची गाठ प्रत्यक्ष जिथे पडते ती जागा मात्र या इतिहासात सहसा सापडत नाही. ती जागा म्हणजे खटका. धातूचे दोन तुकडे एकमेकांना टेकले की वीज, सुटले की काळोख.

भीमा आणि सीना या दोन नद्यांमधल्या माढा तालुक्यात मोडनिंब आहे. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९०६ साली येथून पंढरपूरपर्यंत जाऊ लागली. आधुनिकता रुळांवरून आली ती अशी दिवसाढवळ्या, वाजतगाजत. विजेची गोष्ट वेगळी आहे. शेतीपंपांना वीज देण्याचे वेळापत्रक आलटून-पालटून दिवसाचे आणि रात्रीचे असते, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात दारे धरायला काळोखातच जावे लागते. त्या वाटेवर शेतकऱ्याच्या हाती दोन खटके येतात: एक विजेरीचा, दुसरा मोटारीच्या स्टार्टरचा.

विजेरीची रचना साधी. १८९९ साली डेव्हिड मिसेल यांना अमेरिकेत तिचे पेटंट मिळाले, तेव्हा ती कागदी नळीत एकामागे एक ठेवलेल्या सेलांची होती. ते सेल सलग प्रवाह देऊ शकत नसत. उजेड क्षणभर पडे आणि विसावा मागे. इंग्रजीतले तिचे 'फ्लॅशलाइट' हे नाव त्या लुकलुकण्यावरून पडले. पुढे एव्हरेडी आणि जीप यांच्या पत्र्याच्या विजेऱ्या खेडोपाडी पोचल्या, तेव्हाही मर्म तेच होते: सेल, स्प्रिंग, पितळेची पट्टी आणि सरकता खटका. उजेड मंद झाला की सेल संपला असे जाणता माणूस लगेच म्हणत नसे. तो स्प्रिंगचे टोक खरवडी, सेलाचे बूड घासून घेई, सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद घडी करून मध्ये सारी. गंजलेला सांधा प्रवाह अडवतो, ही विद्या त्याला बोटांनी शिकवली होती.

स्टार्टरचा खटका याहून गुंतागुंतीचा. हिरवे बटण दाबले की कॉइलमध्ये प्रवाह जातो, लोहचुंबक ओढला जातो आणि तिन्ही फेजचे कॉन्टॅक्ट मिटतात. बोट उचलले तरी एक जादा कॉन्टॅक्ट कॉइलला प्रवाह पुरवीत राहतो. लाल बटण ही साखळी तोडते. वीज गेली की चुंबक सुटतो, आणि ती परत आली तरी कोणी पुन्हा हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटार सुरू होत नाही. ही योजना मुद्दाम केलेली आहे. वीज अचानक परतली तर यंत्रात हात असलेल्या कामगाराचा जीव जाऊ नये, हा तिच्यामागचा विचार.

कारखान्यातली ही दया शेतात मात्र शिक्षा ठरली. रात्री अकराला वीज गेली, साडेबाराला आली, की पुन्हा विहिरीपर्यंत चालणे आले. वाटेत चिखल, काटे आणि सापाचे भय. शिवाय सगळे पंप एकदम चालले की दाब उतरतो. अशा 'डिम' विजेवर चुंबकाची पकड ढिली पडते, कॉन्टॅक्ट थरथरतात, ठिणग्या उडतात आणि धातूवर खड्डे पडतात. कधी दोन्ही तुकडे वितळून चिकटतात.

या ठिकाणी सुधारणा होत गेली. तांब्याच्या कॉन्टॅक्टवर चढणारा थर वीज अडवी, म्हणून ते घासणे योग्यच होते. पुढे चांदीच्या मिश्रधातूंचे कॉन्टॅक्ट आले: आधी कॅडमियम ऑक्साइड मिसळलेले, आणि कॅडमियमचे विषारीपण ध्यानात आल्यावर कथिलाचे ऑक्साइड मिसळलेले. हे काळे पडले तरी काम करतात. तरीही जुन्या सवयीने हात पॉलिश पेपरकडे जातो आणि मौल्यवान चांदी घासून निघते. एका धातूवर कमावलेले शहाणपण दुसऱ्या धातूवर नुकसान करते.

दुसरी सुधारणा 'ऑटो'ची. वीज येताच मोटार आपोआप सुरू करणारी ही छोटी पेटी बसवली की रात्रीची खेप वाचते. म्हणजे जो अडथळा अभियंत्यांनी जाणून घातला होता, तोच शेतकऱ्याने जाणून काढला. त्याची किंमत मात्र सर्वांनी मोजली. सुरू होतानाचा मोटारीचा प्रवाह नेहमीच्या पाच ते सात पट असतो. एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या की डीपी जळते आणि पिके तहानलेली राहतात. म्हणूनच ऑटो काढा, कॅपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण वारंवार करते. एकट्याच्या दृष्टीने शहाणपणाची कृती समूहाच्या दृष्टीने आत्मघातकी ठरते, ती अशी. यानंतर मोबाइलवरून चालणारे स्टार्टर आले; बटण विहिरीवरून खिशात आले.

येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. चांदीचे कॉन्टॅक्ट, ऑटो, मोबाइल या साऱ्या सुधारणांनी रात्र सुसह्य केली. रात्रच का, हे कोणत्या बटणाने विचारले? दिवसा वीज देण्याचे उद्दिष्ट ठेवणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली आणि तिचा दुसरा टप्पा २०२३ साली. तोपर्यंत वेळापत्रकातला दोष खटक्याच्या कारागिरीने झाकला गेला होता. व्यवस्था सुधारत नाही तेव्हा माणसे आपल्या हाताशी असलेली वस्तू सुधारीत राहतात. त्या सुधारणेचे कौतुक करताना तिच्यामागची लाचारी विसरता कामा नये.

साहित्याच्या अभ्यासकांनी यात का पडावे, असे कोणी म्हणेल. शंकरराव किर्लोस्करांचे 'किर्लोस्कर खबर' हे मासिक १९२० साली निघाले ते किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून. लोखंड आणि मराठी गद्य यांचे नाते तितके जुने आहे. मोटेवरची गाणी आपण जपून संग्रहात ठेवली. 'डिम', 'ऑटो', 'डीपी उडाली', 'लाइटीची पाळी' ही त्यांच्यानंतरची भाषा आहे. ती बोलणारी माणसे आज आहेत. वही घेऊन त्यांच्याकडे जायला हवे, शक्यतो त्यांच्या रात्रपाळीच्या आठवड्यात.