बोलक्या भिंती : मराठी प्राथमिक शाळेतील वर्गसजावटीची वाटचाल

मराठी मुलखातील जुन्या शाळेला स्वतःची भिंतच नव्हती. पंतोजींची शाळा देवळाच्या सभामंडपात, धर्मशाळेत किंवा गावातल्या एखाद्या सधन घराच्या ओसरीवर भरे. धूळपाटीवर काडीने अक्षर काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. पाढे, पावकी, निमकी एका सुरात घोकायची. हात बसला की बोरूने मोडीचा कित्ता गिरवायचा. जागा दुसऱ्याची असल्याने भिंतीवर काही लावण्याचा प्रश्न येत नसे, आणि लावण्याजोगे छापील असे काही गावात मिळतही नसे. अक्षर-अंकांशी जोडलेली एकच सजावट मुलाच्या स्वतःच्या हातून होई, ती दसऱ्याच्या पाटीपूजनाला. एक या आकड्याच्या रेघा जुळवून पाटीवर सरस्वती काढायची, हळदकुंकू आणि फुले वाहायची. या सजावटीला पैसा लागत नव्हता आणि मोठ्यांची मदतही फारशी लागत नव्हती. वर्गसजावटीच्या पुढच्या दोनशे वर्षांत या दोन्ही गोष्टी वारंवार हरवल्या आणि वारंवार शोधाव्या लागल्या.

एकोणिसाव्या शतकात शिळाप्रेस आला, शाळाखाते आले आणि शाळेला छापील पुस्तक मिळाले. भिंतीवर पहिल्यांदा काही आले ते नकाशाच्या रूपाने. याच काळात रंगीत चित्र स्वस्त होऊ लागले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा छापखाना निघाला, १८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला, आणि देवादिकांची रंगीत चित्रे साध्या घरांतही पोचली. घराची भिंत अशी रंगली, पण प्राथमिक शाळेची भिंत बराच काळ कोरडीच राहिली. तिथे जे टांगले जाई ते शिक्षकाच्या छडीला सोयीचे होते. नकाशा उंच, फळा उंच, आणि जमिनीवर बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाला दोन्हींकडे मान वर करूनच पाहावे लागे.

ही उंची खाली आणण्याचा विचार युरोपातून आला. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. मुलांच्या मापाच्या खुर्च्या, मुलांच्या हाताला येतील अशी कपाटे, बोटाने चाचपून ओळखायची खरखरीत कागदाची अक्षरे आणि भिंतीवर मोजकीच चित्रे, असे त्या खोलीचे रूप होते. खोली मुलासाठी मांडली की मूल आपणहून कामाला लागते, ही त्यामागची धारणा. भारतात ती रुजवली गिजुभाई बधेका यांनी. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील प्रयोगशील शिक्षक पाठ्यपुस्तकांसाठी खर्च होणारा पैसा एकत्र करतो आणि त्यातून वर्गासाठी गोष्टींची पुस्तके घेतो. प्रत्येकाने तेच एक पुस्तक विकत घेण्याऐवजी सगळ्यांनी मिळून अनेक पुस्तके घ्यायची, ही कल्पना साधी होती. तुटपुंज्या पैशांत वाचनाचा कोपरा कसा उभा राहतो, याचे इतके नेमके उत्तर त्याआधी फारसे कोणी दिले नव्हते.

मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाईंच्या सहकारी होत्या. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाचे काम त्यांनी हयातभर केले. १९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरीची साधने महाग होती आणि शहरी बालमंदिरांसाठी बनलेली होती. बोर्डीतल्या वस्तीला ती परवडणे शक्यच नव्हते. मग साधनांमागचे तत्त्व ठेवून वस्तू बदलल्या. मोजण्यासाठी चिंचोके आणि गारगोट्या, वर्गीकरणासाठी शिंपले, पाने, बिया. जे हाताशी असेल ते शिक्षणाचे साहित्य झाले. मुले केंद्रात येईनात तेव्हा केंद्रच त्यांच्या अंगणात नेले. अंगण मुलांनी झाडायचे, तिथेच बसायचे, खेळायचे, गाणी म्हणायची. आज देशभर परिचित असलेल्या अंगणवाडीची एक जुनी मुळी इथे सापडते. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली वारली मुले दिवसभर गुरांमागे असत, म्हणून शिक्षिका कुरणात जाऊ लागल्या. त्या कुरणशाळेत तर भिंत पुन्हा एकदा नव्हतीच.

कोसबाडच्या या कामाचे महत्त्व काटकसरीपुरते मानणे अन्यायाचे होईल. स्वस्त वस्तू वापरणे ही तिथे तडजोड नव्हती. चिंचोका मुलाच्या घरचा होता, म्हणून शाळा परकी वाटत नव्हती. तो हरवला तर कोणी रागावत नसे, म्हणून मूल तो निर्धास्तपणे हाताळत असे. मुलाने वस्तूला हात लावायचा की नुसते दुरून पाहायचे, हा वर्गसजावटीतला सर्वांत जुना आणि सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर ताराबाई आणि अनुताई या दोघींनी प्रत्यक्ष कामातून दिले.

ज्या मुलांसाठी हे चालले होते त्यांच्या घरच्या भिंती मात्र कधीच मुक्या नव्हत्या. वारली घरांत लग्नाच्या वेळी गेरूने किंवा शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढला जातो. तो काढण्याचा मान सुवासिनींचा. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही चित्रे बाहेरच्या जगासमोर आली आणि वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचे नाव परदेशांत पोचले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे वारली आकृत्या कोकणापासून विदर्भापर्यंत शाळांच्या कुंपणांवर आणि व्हरांड्यांवर दिसू लागल्या. दोन रंगांत भागते, रेषा सोप्या, मुलांनाही काढता येतात, हे त्यामागचे उघड कारण. पण तारपा या वाद्याभोवतीचा नाच आणि पूजेतला देवचौक यांतला भेद मुलांना क्वचितच सांगितला जातो. ज्या समाजाच्या पूजेतून हे चित्र आले त्याचे नावही भिंतीवर नसते, ही उणीव सहज भरून काढता येण्याजोगी आहे.

१ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. या शाळांची एक ठराविक सजावट पिढ्यान्‌पिढ्या टिकली. आढ्याखाली राष्ट्रपुरुषांच्या तसबिरी, दारावर वर्गाचे नाव, व्हरांड्यात सुविचाराचा फळा, त्याच्या शेजारी दिनविशेष आणि पटसंख्या. स्वातंत्र्यदिनाला पतंगाच्या कागदाच्या पताका कणकेच्या खळीने सुतळीला चिकटवायच्या आणि वर्गभर लावायच्या. सुविचाराचा फळा अनेकदा टिंगलीचा विषय झाला आहे, तरी त्याच्यावर रोज नवा मजकूर येतो, हे त्याचे बळ नाकारता येत नाही. ज्या गावात वर्तमानपत्र येत नव्हते तिथे रोज बदलणारे ते एकमेव लिखाण होते. त्याहून समृद्ध होती भित्तिपत्रकाची आणि हस्तलिखिताची प्रथा. मुलांनीच लिहिलेल्या कविता, गोष्टी, कोडी वळणदार अक्षरात उतरवून एका मोठ्या कागदावर डकवायच्या आणि तो कागद महिनाभर भिंतीवर ठेवायचा. स्वतःचे नाव भिंतीवर वाचायला मिळणे हे वाचनाचे फार मोठे निमित्त असते. बालभारती १९६७ मध्ये स्थापन झाली, ‘किशोर’ मासिक १९७१ मध्ये निघाले, आणि गावोगावच्या शिक्षकांना वाचून दाखवण्यासाठी व पाहून चित्रे काढण्यासाठी चांगला मराठी मजकूर मिळू लागला.

तरीही देशातील असंख्य शाळांत फळासुद्धा धड नव्हता. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळे, नकाशे, तक्ते, खेळणी असे साहित्य द्यायचे, असे तिचे स्वरूप होते. साहित्य पोचले, पण अनेक ठिकाणी ते पेटीतच राहिले. सरकारी वस्तू फाटली तर जबाब कोण देणार, ही भीती त्यामागे होती. चिंचोक्याला ती भीती नव्हती.

सर्व शिक्षा अभियानाने ही कोंडी अंशतः फोडली. २००१ पासूनच्या या योजनेत प्रत्येक शिक्षकाला शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळत. रक्कम लहान होती, पण खर्च शिक्षकाच्या हाती होता. कार्डशीट, स्केचपेन, डिंक एवढ्यातच ती संपे, म्हणून बाकीचे घरून येई. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंची शब्दपट्टी, जुन्या कॅलेंडरांच्या आकड्यांची अंककार्डे, साडीच्या खोक्यांचा पुठ्ठा, काड्यापेट्यांचे कप्पे. अरविंद गुप्ता यांची टाकाऊतून खेळणी बनवण्याची पुस्तके याच सुमारास शिक्षकांच्या हातोहात फिरत होती. पुण्यातील आयुका या संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे हे काम केले.

त्याच्या थोडे आधी इमारतीलाच शिकवायला लावण्याची कल्पना पुढे आली होती. वास्तुरचनाकार कबीर वाजपेयी आणि त्यांच्या ‘विन्यास’ या संस्थेने राजस्थानातील शाळांमध्ये १९९० च्या दशकात तिची सुरुवात केली आणि ती ‘बाला’ (बिल्डिंग अ‍ॅज लर्निंग एड) या संक्षिप्त नावाने देशभर गेली. दार उघडते त्या जागी जमिनीवर कोनमापक आखायचा, म्हणजे दार फिरताना कोन दिसतो. खिडकीच्या गजांना असे वळण द्यायचे की बोट फिरवताना लिहिण्याआधीचा सराव होईल. पायऱ्यांवर अंक, खांबावर उंचीची पट्टी, आणि भिंतीच्या खालच्या भागात मुलांसाठी फळ्याचा पट्टा. यातील फळ्याचा पट्टा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणी. काळा रंग आणि खडू एवढ्यावर प्रत्येक मुलाला भिंतीचा आपला तुकडा मिळतो.

महाराष्ट्रात ‘बोलक्या भिंती’ हा शब्दप्रयोग घराघरात पोचला तो याच लाटेत, पण त्यातून एक विपरीत गोष्टही घडली. रंगकामाचे कंत्राट निघाले की एकच पेंटर तालुकाभर तीच चित्रे काढत जाई. वर्णमाला, फळे, प्राणी, वाहतुकीचे नियम. सगळे ऑइल पेंटमध्ये, म्हणजे दहा वर्षे न बदलणारे. पहिलीतल्या मुलाने पहिल्या महिन्यात पाहिलेले चित्र त्याला चौथीतही तेच दिसते. अशी भिंत दिसायला देखणी असली तरी वाचायला तिच्यावर नवे काही नसते.

सातारा तालुक्यातील कुमठे बीटमध्ये, म्हणजे शाळांच्या एका गटात, वेगळा मार्ग निघाला. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी, मुलाने स्वतः करून ज्ञान उभारावे या ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग मांडले आणि नजर भिंतीवरून जमिनीवर आणली. फरशीवर अक्षरांची घरे, अंकांच्या पट्ट्या, शब्दांचे चक्र रंगवले. मुले त्यांवर बसून काड्यांचे गठ्ठे, खडे, कार्डे मांडू लागली. सारा खर्च रंगाच्या डब्यांचा. राज्यभरातून शिक्षक हे पाहायला आले आणि जून २०१५ मध्ये राज्य सरकारने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम जाहीर केल्यावर हा ओघ वाढला. लोकवर्गणीतून शेकडो गावांनी वर्ग रंगवले. काही शाळांनी कुमठ्याची पद्धत उचलली, काहींनी फक्त फरशीची नक्षी. फरक ओळखायला सोपा आहे. जिथे पद्धत आली तिथे मुलांच्या वावराने फरशीचा रंग घासला गेलेला दिसतो.

विषय ठरवून सारी शाळाच एका रूपात सजवण्याचा प्रकारही त्याच सुमारास गाजला. राजस्थानातील अलवरची रेल्वेगाडीसारखी रंगवलेली शाळा वर्तमानपत्रांतून सर्वत्र पोचली आणि महाराष्ट्रातही वर्गांचे डबे झाले. गावात कधी गाडी न आलेल्या मुलांना तिचे अप्रूप असणे साहजिक आहे, पण डब्यावर स्थानकांची नावे, वेळापत्रक, तिकीट यांतले काही वाचायला असले तरच त्या रूपाचा वाचनाशी संबंध जुळतो.

सजावट किती असावी, याबद्दल अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध केला. बालवर्गातील २४ मुलांना खूप सजवलेल्या आणि साध्या अशा दोन्ही मांडणींत धडे दिले. सजवलेल्या खोलीतील धड्यांवर त्यांची ४२ टक्के उत्तरे बरोबर आली, साध्या खोलीतील धड्यांवर ५५ टक्के. मुले थोडीच होती, म्हणून त्यावरून नियम करता येणार नाही. मात्र खोली भरून टाकण्याच्या हौसेला आवर घालण्याइतका तो बोलका आहे.

वाचनाच्या दृष्टीने भिंतीवर काय असावे, याचा विचार फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी आधीपासून चालवला होता. भाषातज्ज्ञ असलेल्या बर्नसन यांनी १९८६ मध्ये तिथे कमला निंबकर बालभवन सुरू केले. अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने न शिकवता, थोड्या अक्षरांतून लगेच शब्द बनतील अशा गटांनी शिकवण्यावर त्यांचा भर होता. असे शिकवायचे तर ‘अ’ ते ‘ज्ञ’ हा छापील तक्ता फारसा उपयोगी पडत नाही. मुलांच्या बोलण्यातल्या शब्दांची कार्डे लागतात, आणि ती हाताने लिहिलेलीच असावी लागतात. एनसीईआरटीने २००७ मध्ये मथुरेतील सरकारी शाळांत पहिली-दुसरीच्या वर्गांत वाचनकोपरे उभे केले आणि त्यासाठी ‘बरखा’ ही ४० छोट्या हिंदी पुस्तकांची मालिका काढली. पुस्तके कपाटात न ठेवता मुलांच्या हाताला लागतील अशी ठेवायची, ही त्या कामातील मुख्य अट होती.

मराठी शाळांत हा कोपरा बहुधा एका दोरीवर उभा राहतो. दोन खिळे, त्यांच्यामध्ये मुलांच्या खांद्याच्या उंचीवर सुतळी, आणि तिच्यावर मधोमध उघडून टांगलेली पातळ पुस्तके. मुखपृष्ठ समोर दिसते, पुस्तक काढायला परवानगी लागत नाही. १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो, तेव्हा अशा दोऱ्या हमखास बांधल्या जातात; काही शाळांत त्या वर्षभर राहतात. टांगायला पुस्तके कमी पडण्याची अडचणही आता सैल झाली आहे. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेने २०१५ मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ हे मुक्त परवान्याचे भांडार खुले केले. त्यातील मराठी गोष्टी कोणालाही छापून, दुमडून, दोऱ्याने शिवून दोरीवर टांगता येतात, आणि मुलांना त्याच चित्रांवर स्वतःची गोष्ट लिहून शेजारी टांगायलाही मोकळीक आहे.